त्यांच्या लहानपणाची फाइल

जवळ ये गं, निदान हे पत्र वाचण्यापुरती तरी. दर फोनला मी ये म्हटलं की "नंतर बघू मावशी" म्हणतेस, हे काही बरं नाही.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना तुझ्या काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं मात्र शाबूत राहिलं. ते आपलं लहानपण सांगायचे आणि मी शिकत शिकत कॉम्प्युटरवर टाइप करायचे. तू तेव्हाच म्हणाली होतीस, "मावशी, ओपन सोर्सवाला मराठी प्रोग्रॅम घे. फुकट आहे, आणि त्याची फाइल पुढे कुठेही उघडेल." काका म्हणाले, "फुकटचं बिल्कुल नको! पक्कं बिल मिळेल तेच आण." त्यांच्या सरकारी टेबलावरून बिलाशिवाय कधी काही पुढे गेलं नव्हतं ना. म्हणून मी एका कंपनीचा, बिल मिळणारा प्रोग्रॅम विकत आणला.

मग नोएडाला आलो. ते गेले, जुना कॉम्प्युटर गेला, प्रोग्रॅमवाली कंपनीही बंद पडली. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडते, पण आत नुसते चौकोन आणि आकडे. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, फाइल तो आपकी है, अक्षर कंपनी के थे." तरी रोज उघडते गं. चौकोनांवरून बोट फिरवत त्यांचं एखादं वाक्य शोधते. वहीत काहीच उतरवलं नव्हतं मी.

त्यांच्या शाळेची वाट अजून आठवते. ते विहिरीत पडले होते ती गोष्ट अर्धीच आठवतेय, आणि तीही सुटत चाललीय. फाइल नाही वाचता आली तरी चालेल. मला आठवतंय तोवर तू येऊन लिहून घे. या रविवारीच ये.