ऐंशीवर बसलेला काटा

सार्वजनिक बागेतलं काचघर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे दमटकाका म्हणायचे. म्हणणारच. हा माणूस कुणाकडे पाहुणा गेला तरी हवेत हात फिरवून "दमटपणा साठ टक्के" असं सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना.

त्यांच्या काचघरात किडे खाणारी झाडं होती. त्यात लाडकी घटपर्णी. तिच्या पानाच्या टोकाला सुरई लटकते, किडा आत घसरला की संपला. पण दहा महिने सुरईचा पत्ता नाही, नुसती वाळकी शेपटी. बागेच्या नव्या अधिकारी बाईसाहेबांनी बजावलं, "दोन महिन्यांत सुरई दिसली नाही, तर इथे अवजारं ठेवू." काकांचं जेवणच उडालं.

भाची वेधशाळेत इतर ग्रहांच्या हवेचा अभ्यास करायची. ती काचघरात आली तेव्हा ते तिला म्हणाले, "दमटपणा तर चोख आहे गं. सकाळी ऐंशी, भर दुपारीही ऐंशी."

"मामा, मंगळावर पहाटे शंभर होतो."

"मग तिकडेच नेतो झाडं."

"न्या की. गार हवेत वाफ मावतेच एवढीशी, चिमूटभरात शंभर भरतात. तिथल्या हवेतलं सगळं पाणी खाली सांडलं, तरी थर केसाहून पातळ. अन् ऊन चढलं की शंभर जाऊन जेमतेम एक-दोन उरतात. मंगळाचा काटा नाचतो आणि तुमचा ढिम्म हलत नाही?"

काकांनी भिंतीवरचं दमटपणा मोजायचं यंत्र दाखवलं. भाचीने यंत्रावर तोंडाची वाफ सोडली. काटा ऐंशीवरच.

या जुन्या यंत्रात माणसाचा केस ताणून बसवतात. हवा ओलसर झाली की तो लांबतो, काटा सरकतो.

"केस कुणाचा?"

"गेल्या वर्षी तुटला, तेव्हा तुझ्या मामीचा लावला," काका लाजले. या वयात.

मामी डबा घेऊन दारातच उभी. "अगं बाई, मला विचारायचं तरी. डोक्यावर वाटीभर तेल असतं माझ्या."

तेलकट केस ओल कसली पितोय? मामीनेच तो साबणाने धुतला, दोनदा. सुकवून पुन्हा बसवला आणि काटा पंचेचाळिसावर आला. वर्षभर झाड तहानलेलं होतं, आणि हे काट्याकडे बघून खूश.

मग दिवसातून चार वेळा फवारे. सातव्या आठवड्यात एक शेपटी फुगून सुरई झाली, करंगळीएवढी. मुदतीच्या दिवशी बाईसाहेब वाकून बघत राहिल्या.

"हिचं झाकण बंद आहे."

"उघडेल. आठ-दहा दिवसांत."

"आत काय असतं तेव्हा?"

"पाणी. तिचं स्वतःचं."

"किडा पडायच्या आधीच?" बाईसाहेबांनी खुर्ची ओढली. "अवजारं राहू देत तिकडे. झाकण उघडेल तेव्हा मला बोलवा."

काका हो म्हणाले आणि हवेत हात फिरवू लागले.