मावशीचं बंद करायचं बटण

"फोन चालू होता, हे मला कोणी सांगितलं होतं का?"

"तीन वर्षं तो त्याच जागी चालू आहे. तुला रोज दवंडी पिटून सांगायचं?" आई म्हणाली. तिच्या हातातला चमचा लेकाच्याच दिशेने रोखलेला होता.

"अगं, पण मी सहज बोललो. गमतीत."

"गमतीत! ताई तिकडे रडत बसली असेल."

"मावशी आणि रडणार?" एवढं त्याच्या तोंडून निघून गेलंच. मग त्याने दचकून ओट्याकडे पाहिलं. फोन चहाच्या डब्यामागे भिंतीला टेकून नेहमीसारखा उभा होता, पण त्याचा पडदा काळा होता. भर दिवसा, तीन वर्षांत पहिल्यांदाच.

झालं होतं ते असं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी मावशी गुरुवारी यायची होती. सकाळी चहा ओतून घेता घेता तो बायकोला म्हणाला, "मागच्या वेळी आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि ऋतू बदलला तरी हलली नाही. शिवाय सकाळी डोळे उघडल्यापासून जी सुरू होते! बंद करायचं बटणच नाही मावशीला." बायको डोळे मोठे करून त्याला खुणावत होती. त्याला वाटलं, साखर जास्त पडली. तेवढ्यात डब्यामागून आवाज आला, "आहे बरं का रे बटण. हे बघ, दाबते." आणि फोन बंद झाला.

तसा हा माणूस साधा. एका बस कंपनीत तिकिटांची वेबसाइट सांभाळायचा, वेळेवर जायचा, वेळेवर यायचा. एकच खोड होती. त्याला उघडं काही बघवत नसे. टपकणारा नळ, जळणारा दिवा, अर्धवट लावलेलं कपाट, दिसलं की हा धावलाच. पाहुणे बसलेले असताना त्यांच्या डोक्यावरचा पंखा त्याने बंद केला होता. बायको आत असताना न्हाणीघराचा दिवा घालवला होता, तोही एकदा नव्हे. मुलगी कॉलेजात जायला लागल्यापासून त्याला सरळ 'शटर' म्हणायची. तोंडावर 'बाबा', फोनवर मैत्रिणींशी 'आमचं शटर'.

अशा माणसाच्या घरात दोन म्हाताऱ्या बहिणींनी दिवसभर फोन चालू ठेवायचा म्हणजे त्याच्या काळजाला रोजच घरं. आईला आकडे नीट दिसत नसत, म्हणून सकाळी मावशीच फोन लावायची आणि मग तो रात्रीपर्यंत तसाच. त्या काही सतत बोलत नसत. इकडे आई भाजी निवडायची, तिकडे मावशी कपडे वाळत घालायची. मधूनच मावशीचा आवाज यायचा, "धाकटे, तुझ्या कुकरच्या शिट्ट्या बास झाल्या गं." आणि आई गॅस बंद करायची. डब्यामागे कोणी आहे हे घरात सगळ्यांच्याच सवयीचं झालं होतं, आणि सवयीचं झालं की विसरायलाही होतं.

"बोलून झालं की ठेवावा फोन," तो आईला अधूनमधून ऐकवायचा. "गरज लागली की परत लावायचा."

"अहो, पण ऑफिसात तर तुम्ही उलटंच केलंत ना?" बायकोने आता तेच काढलं. ती दारात उभी राहून वेणी घालत होती. "मॅनेजरने पाठीवर थाप मारली म्हणून आठवडाभर सांगत होतात."

ते खरं होतं. सुट्ट्यांच्या दिवसांत कंपनीची साइट कासवासारखी चालायची. मग याने शोध लावला. एकेका गिऱ्हाइकासाठी स्क्रिप्ट, म्हणजे साइटमागचा छोटा प्रोग्रॅम, जागी होणार, डेटाबेसचं दार ठोठावणार, नाव सांगणार, पासवर्ड सांगणार, एवढासा प्रश्न विचारणार आणि दार लावून निघून जाणार. पुढचं गिऱ्हाईक आलं की सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा कनेक्शन उघडंच ठेवायचं. एकाचं काम झालं की तीच लाइन दुसऱ्याने घ्यायची. साइट एकदम पळायला लागली. हे त्याने जेवताना घरात समजावून सांगितलं, तेव्हाही बायको म्हणाली होती, "म्हणजे आई करतात तेच." आणि तो म्हणाला होता, "ते वेगळं."

"ते वेगळं," तो आताही म्हणाला.

"तिला फोन लाव आणि माफी माग," आई म्हणाली. "नाही आली तरी हरकत नाही म्हणावं. मी एकटी जाईन ऑपरेशनला. मला काय झालंय?"

हे म्हणताना तिने कोरडा ओटा दुसऱ्यांदा पुसायला घेतला. आई घाबरली की पुसायला घ्यायची. मावशी नाही आली तर ती दवाखान्याची पायरी चढणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. याआधी दोनदा तिने तारीख पुढे ढकलली होती, एकदा सर्दीचं निमित्त करून आणि एकदा कसलंच निमित्त न करता.

तो फोन हातात घेणार, तोच त्याचा स्वतःचा वाजला. मॅनेजर होता. सकाळपासून एकही तिकीट निघत नव्हतं. जो तो 'कृपया थांबा' वाचत बसला होता. याने बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मागून मुलगी आली, केस पुसत.

"बाबा, मावशीआजीचा मेसेज आलाय. तिकीट रद्द करायला घेतलंय म्हणते, पण मघापासून नुसतं गोल गोल फिरतंय. 'तुझ्या बापाचंच दुकान आहे ना हे?' असं विचारलंय."

स्वयंपाकघरातला पुसण्याचा आवाज थांबला.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "दुपारपर्यंत नाही दुरुस्त झालं तर चालणार नाही का? तोवर मावशींचा राग उतरेल."

"लोक खोळंबलेत!"

"खोळंबू देत थोडे. एरवी तुमची साइट चालते तेव्हा तरी काय दिवे लागतात?"

त्याने तिकडे दुर्लक्ष केलं, आणि लवकरच त्याला चोर सापडला. म्हणजे चोर तो स्वतःच होता. एक जागा दोघांना जाऊ नये म्हणून तिकीट काढताना स्क्रिप्ट जागांच्या तक्त्याला कुलूप घालायची आणि काम झालं की काढायची. पहाटे कुठलीशी स्क्रिप्ट कुलूप घालून अर्ध्यावरच मेली. पूर्वी असं झालं तर लाइन बंद व्हायची आणि लाइनबरोबर कुलूपही निघायचं. आता लाइन बंद होतच नव्हती, आणि मालक अजून आत आहे असं समजून डेटाबेस बिचारा कुलूप सांभाळत बसला होता. बाहेर सगळं गाव रांगेत, त्या रांगेत मावशी.

कुलूप काढायला एक ओळ पुरणार होती. ती लिहून तो तसाच बसला. ती चालवली की रांग हलणार, मावशीचं तिकीट रद्द होणार आणि आई तिसऱ्यांदा तारीख ढकलणार. शेवटी त्याने मावशीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मावशीला स्वतः फोन लावण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, ती आपली डब्यामागे असायचीच.

"बोल," मावशी म्हणाली. "बटण कुठे आहे ते विचारायला केलास?"

"चुकलं माझं, मावशी."

"कळलं. पुढे?"

"पुढे... साइट बंद पडलीय. माझ्याच करणीने. एक ओळ चालवली की सुरू होईल."

"मग चालव की."

"चालवली की तुझं तिकीट रद्द होईल."

"त्यासाठीच तर बसलेय इथे सकाळपासून."

"मग आई दवाखान्यात जायची नाही."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, बटण परत दाबलं.

"तसं म्हणाली ती?"

"नाही. एकटी जाईन म्हणाली. ओटा पुसतेय."

"पुसतेय?" मावशीचा आवाज बदलला. "लहानपणापासून खोटारडी आहे. परीक्षेच्या दिवशी सगळ्या घराच्या खिडक्या पुसायची. सोडव ते तुझं काय अडकलंय ते. लोकांना ताटकळत ठेवू नकोस. तिकीट काही मी आता रद्द करत नाही."

त्याने हुश्श करून ती ओळ चालवली. रांग भराभर हलली. आणि फोनमधून मावशी ओरडली, "अरे, झालं रद्द! मी हात लावला नाही, शपथेवर सांगते!"

"तू मघाशी दाबलेलं रांगेत उभं होतं गं..." तो म्हणाला. त्याने घाईघाईने गुरुवारची गाडी पाहिली. सकाळपासून तुंबलेले लोक तुटून पडले होते. गाडी भरली होती, बुधवारचीही.

"मंगळवारची आहे का?" मावशीने विचारलं.

"एक जागा आहे. खिडकीची."

"दे. आणि परतीचं राहू दे, ते मागाहून बघू."

त्याने जागा दिली.

दुपारपर्यंत त्याने स्क्रिप्टही सुधारली. लाइन उघडीच ठेवली, मॅनेजरची थाप काही त्याला परत करायची नव्हती. पण आता लाइन हातात घेणाऱ्याने आधी मागच्याने काय टाकून ठेवलंय ते साफ करायचं आणि मगच कामाला लागायचं, असं पहिल्याच ओळीत घातलं. मग तहान लागली म्हणून तो स्वयंपाकघराकडे गेला. दारातच थबकला, खाकरला आणि मोठ्याने म्हणाला, "मावशी, मी आलोय हं."

"कळलं," डब्यामागून उत्तर आलं. "बोल आता बेताने."

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. बायको कणीक मळत होती. आई खुर्चीवर बसून कांदा चिरत होती. ओट्यावरचं फडकं वाळत टाकलेलं होतं.

"बरं झालं, सगळे आहात," आई मान वर न करता म्हणाली. "ताई मंगळवारी येतेय. माझ्या डोळ्याचं होईल. त्यानंतर ती परत जाणार नाही."

बायकोचे हात पिठात थांबले. तिने तोंड उघडलं, मग तिची नजर फोनकडे गेली आणि तिने ते मिटलं. त्याने आधीच मिटलेलं होतं.

"ती आता इथेच राहील," आई म्हणाली. "बाहेरच्या खोलीतलं तुझं टेबल आजच गॅलरीत काढ. तिथे तिचा पलंग लागेल."