गाडीत न पेटलेली काडी

असल्या चमत्काराच्या गोष्टी वाचून मी आजवर हसतच आलो. आमच्या घरात डिग्रीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हे मी घरी सगळ्यांना ऐकवायचो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी घडलं...

मी सांगलीत, विश्रामबागच्या एका गॅरेजमध्ये इंजिनियर आहे. पाटणकडच्या एका रिटायर्ड फौजींची – त्यांना आम्ही आबा म्हणतो – गाडी आली होती. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा आणि आत अधूनमधून पेट्रोलचा वास. टाकीतली वाफ बाहेर न सोडता इंजिनात नेणारे पाइप असतात, त्यात लीक असणार. अशा वेळी आम्ही पाइपांत मशीनने धूर सोडतो. धूर निघेल तिथे लीक. गाडी लिफ्टवर घेतली, धूर सोडला... कुठूनच निघाला नाही. टाकीचं झाकण तेवढं सैल वाटलं. ते बदललं आणि गाडी ओके केली.

दुपारी आबा आणि काकू आले ते लेकीला दवाखान्यातून घेऊनच. ताई बाळाला घेऊन मागे बसली, काकू पुढे.

"बाळ पहिल्यांदा घरला चाललंय. उदबत्ती लावल्याबिगर गाडी हलायची न्हाई," काकू म्हणाल्या आणि काडी ओढली. पेटली नाही. दुसरी, तिसरी... ठिणगीसुद्धा नाही.

"आण हिकडं. बर्फात चूल पेटवलीय म्या," आबा म्हणाले. त्यांचीही पेटेना.

"आवं, मग बर्फातच जावा की!"

ताई मागे खुदकन हसली. आबा वैतागून पेटी घेऊन फाटकापर्यंत गेले. तिथे मात्र पहिल्याच झटक्यात काडी भडकली! ओंजळीत ती जपत ते गाडीकडे वळले.

तेवढ्यात मी ताईचं दार लावायला वाकलो आणि पेट्रोलचा भपकारा नाकात शिरला.

"आबा, थांबा! काडी विझवा! ताई, बाळाला घेऊन खाली उतरा!"

मागची सीट काढली. खाली टाकीतल्या पेट्रोलच्या पंपावरचं झाकण कुणीतरी पूर्वी वाकडं बसवलेलं, ते वाफेच्या पाइपावर टेकत होतं. सीटवर माणूस बसलं की पाइप दाबला जाऊन चीर उघडायची. रिकाम्या गाडीत धूर निघणार कसा? पाइप बदलला, झाकण नीट बसवलं, मी स्वतः सीटवर बसून पुन्हा धूर सोडायला लावला. आता चोख.

संध्याकाळी आबांचा फोन आला, "पोचलो गड्या. नातू झोपलाय." मी गॅरेजच्या पायरीवर बसलो... इतकं हलकं डिग्रीच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

लीकचं कारण सापडलं. काड्यांचं नाही. पेटी दमट म्हणावी, तर बाहेर पेटली. वाफेचं म्हणावं, तर काडी ओढल्यावर भडकाच व्हायला हवा होता. काकू म्हणतात, "त्या पेटीवाल्याला म्या किती शिव्या घातल्या! त्याची लेकरं सुखात ऱ्हाऊ देत."

पेटी आबांनी मलाच दिली. घरी आईने तिच्यातल्या काड्यांनी रोज गॅस पेटवला. मी शेजारी उभा राहून बघायचो... एकही काडी वाया गेली नाही.