एक फोन, दोन बहिणी आणि माझी एक टिक

थांबा, हे आत्ताच सांगायचं आहे. डबा समोर उघडा पडला आहे, पण हे लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

काल दुपारी तीन वाजता मी इथल्याच एका कॉलेजात एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सरांच्या केबिनमध्ये उभी होती. बाजूला दोन मुली. सख्ख्या बहिणी, उमरेडहून रोज बसने येणाऱ्या. मोठी मयूरी, बी.एस्सी. फायनलला. धाकटी अश्विनी, फर्स्ट इयरला. आणि बाहेर नोटीस बोर्डावर या मोठ्या अक्षरात : 'प्रॉक्सी हजेरी लावणारे विद्यार्थी'. खाली यादी, यादीत या दोघींची नावं.

फायनलच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा काल शेवटचा दिवस. खिडकी पाचला बंद. आणि यादीत नाव असेल त्याचा फॉर्म घ्यायचा नाही, असा सरांचा आदेश. म्हणजे मयूरीचं वर्ष दोन तासांत जाणार होतं.

आणि ती यादी आमच्या ॲपने काढली होती.

माझा जॉब असा. कॉलेजांमध्ये हजेरीचं ॲप बसवून द्यायचं, सरांना शिकवायचं, अडलं की धावत जायचं. लेक्चर सुरू झालं की सर पडद्यावर क्यूआर कोड दाखवतात. विद्यार्थ्याने दहा मिनिटांच्या आत तो फोनवरून स्कॅन करायचा, एक सेल्फी काढायचा, हजेरी लागली. दुसऱ्याच्या नावाने लावली तर ती प्रॉक्सी. ती पकडायला एक सेटिंग आहे, 'एक विद्यार्थी, एक डिव्हाइस'. ते चालू असलं आणि एकाच फोनवरून दोघांची हजेरी लागली, की दोघांची नावं थेट संशयितांच्या यादीत.

"दोघींत एकच फोन?" सर हसले. "अहो मॅडम, आजकाल भाजीवाल्यापाशी दोन-दोन फोन असतात. अन् या मले शिकवून राहिल्या!"

"एकच आहे सर," मयूरी म्हणाली. "चांगला पाहिजे होता, म्हणून एकच आहे."

मग तिने सांगितलं. प्रॅक्टिकलला ही मुलं मायक्रोस्कोपवर फोनचा कॅमेरा टेकवून स्लाइडचे फोटो काढतात आणि घरी जाऊन त्यावरून अभ्यास करतात. घरचे म्हणत होते, दोघींना दोन साधे फोन घेऊ. दोघींनीच नाही म्हटलं. साध्या कॅमेऱ्यात पेशी म्हणजे नुसता डाग. नोट्सची मोठी पीडीएफ उघडली की फोन हँग. त्यापेक्षा एकच घेऊ, पण नीट बघून घेऊ. मग दोघी बर्डीच्या बाजारात गेल्या, पर्समध्ये एक भिंग आणि कांदा घेऊन. दुकानात प्रत्येक फोनचा कॅमेरा भिंगाला लावून कांद्याचा पापुद्रा बघितला.

"दुकानवाला म्हणे, ताई, फोन घेऊन राहिल्या का भाजी करून राहिल्या?" अश्विनी म्हणाली.

मी हसणार होती, पण हसूच आलं नाही. मी या लाइनमध्ये आहे, आणि मी माझा फोन रंग पाहून घेतला होता.

"मग हजेरी कशी लावता?" मी विचारलं.

"माझा क्लास दुसऱ्या मजल्यावर, हिचा खाली," मयूरी म्हणाली. "मी स्कॅन करतो, आमच्या मॅडमले विचारून खाली पळतो, हिच्या दारात फोन देतो. दहा मिनिटांत झालं पाहिजे ना."

"दोनदा पडली ही जिन्यात," अश्विनी म्हणाली. "गुडघा फोडून घेतला, पण फोन नाही फुटू दिला."

"स्टोरी छान आहे," सर म्हणाले. "पण ॲप खोटं बोलत नाही."

इथे माझं डोकं सटकलं. बाहेर येऊन बॉसला फोन लावला.

"क्लायंटशी वाद घालू नकोस," बॉस म्हणाला. "आपण रिपोर्ट दिला. निर्णय त्यांचा."

"सर, आपल्या रिपोर्टमध्ये 'संशयित' लिहिलंय. यांनी बोर्डावर 'लावणारे' लिहिलं!"

"मग तो त्यांचा शब्द आहे. तू निघ तिथून."

निघ म्हणे! साडेतीन झाले होते. मी परत आत गेली, लॅपटॉप उघडला. प्रत्येक हजेरीसोबत सेल्फी असतो, आठवतं ना? ते सगळे सर्व्हरवर पडलेले असतात. उघडून कोणीच बघत नाही, सगळ्यांना फक्त शेवटची यादी पाहिजे. मी एकेक दाखवत गेली. मयूरीच्या हजेरीला मयूरीचा चेहरा. अश्विनीच्या हजेरीला अश्विनीचा. एकही उलटा नाही. काही फोटोंत तर अश्विनीच्या मागे दारात धापा टाकणारी मयूरी दिसून राहिली होती.

"बघा सर, दोघी हजर. रोज हजर."

सरांनी चष्मा वर केला, बघितलं, चष्मा खाली केला. "ते ठीक आहे. पण नियम म्हणजे नियम. एक विद्यार्थी, एक फोन."

"हा नियम कुठे लिहिलाय सर?"

त्यांनी ड्रॉवरमधून फाइल काढली आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. ॲप बसवताना आम्ही भरतो तो सेटअप फॉर्म. 'एक विद्यार्थी, एक डिव्हाइस' समोर टिक. खाली सही.

सही माझी होती.

मला आठवलं. त्या दिवशी अजून दोन कॉलेजं बाकी होती. मी गाडीवर बसल्या बसल्याच फॉर्म भरला होता. सगळ्यांना हो, हो, हो. कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही सुचलं नव्हतं. आणि आता मी दुसऱ्यांवर ओरडून राहिली होती.

"कोरा कागद आहे का गं?" मी मयूरीला विचारलं. तिने वहीतलं पान फाडून दिलं. मी लिहिलं की हे सेटिंग मी कॉलेजला न विचारता चालू केलं, त्यामुळे यादी चुकली, चूक माझी. नाव, सही, तारीख.

सरांनी ते पान दोनदा वाचलं. चेहरा एकदम मोकळा झाला.

"हं. म्हणजे चूक कंपनीची. असं लेखी असलं की मग माझं काही म्हणणं नाही."

त्यांनी लगेच खिडकीवर फोन केला. चार पन्नासला मयूरीचा फॉर्म आत गेला.

सेल्फी बघून जो माणूस हलला नाही, तो चूक दुसऱ्याची आहे असं लेखी मिळाल्यावर अर्ध्या मिनिटात हलला. सॉरी नाही. 'तुम्ही बरोबर होत्या' नाही. यादीही उतरवली नाही. फक्त दोन नावांवर निळ्या पेनने रेघ मारली. रेघेखालची नावं आरामात वाचता येतात.

आज सकाळी बॉसचा मेल आला : असं लेखी द्यायचा अधिकार तुला कोणी दिला? उत्तर अजून दिलं नाही. मी यादीतल्या बाकीच्यांचे सेल्फी बघत बसली आहे. खरे प्रॉक्सीवालेही आहेत, एकाने तर मित्राचा पासपोर्ट फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आहे. पण बहुतेकांच्या हजेरीला त्यांचाच चेहरा आहे. कोणाची स्क्रीन फुटली म्हणून रूममेटचा फोन, कोणाचा फोन दुरुस्तीला. हे सगळे चेहरे मेलला जोडून पाठवणार आहे, मग काय बोलायचं ते बोला.

मी एवढं शिकली : सेटअप फॉर्म गाडीवर बसून भरायचा नाही, वर्गात जाऊन भरायचा.

काल निघताना मी मयूरीला म्हटलं, "सेटिंग बंद केलं बरं का. आता पळायची गरज नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पळा तर लागनच ना मॅडम. फोन तर एकच आहे."

स्कॅनची दहा मिनिटांची मुदत वाढवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आज केलं.

तुमचं नाव लागलंय का कधी असं बोर्डावर, कोणीतरी न विचारता मारलेल्या एका टिकमुळे? सांगा मला.