साडूभाऊंचं गाठोडं

जगात जर्मनी आणि भारतात परभणी असं आमच्याकडं म्हणतात. मी त्याला जोड देतो: आणि परभणी जिल्ह्यात आमचे साडूभाऊ. बांधाबांधीत त्यांचा हात धरणारा माणूस गोदावरीच्या या काठाला झाला नाही, आणि त्या काठाला झाला असेल तर यांची कीर्ती ऐकून त्यानं गाव सोडलं असणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. परभणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीवर जन्म काढून ते पिंगळीला घरी बसले. बसले असं आपलं म्हणायचं. सुटी वस्तू दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटायची. स्वतःच्या लग्नात अंगावर पडलेली फुलं त्यांनी मंचावरच वाकून गोळा केली आणि रुमालात गाठ मारून खिशात घातली. "मला वाटलं, आता माझीबी गाठ मारून खिशात घालतेत," असं माझी मेहुणी सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

त्यांच्या कॉम्प्युटरवर चित्रबित्र काही नसे. काळाकुट्ट पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. अमावास्येच्या रात्री अंगणात लाह्या सांडाव्यात तशी. माऊस त्यांनी पायमोज्यात घालून कोनाड्यात ठेवला होता. "बोट दाखवून मागतंय ते लेकरू," म्हणायचे, "मोठ्या माणसानं तोंडानं सांगावं." आणि ते सांगत. टार नावाचा एक हुकूम असतो, त्याच्यावर त्यांची सगळी भक्ती. हजार फायलींचं एक गाठोडं बांधायचं तरी टार, तेच गाठोडं सोडायचं तरी टार. फक्त पुढचं अक्षर बदलायचं. सी म्हणजे बांध, एक्स म्हणजे सोड. आणि सोबत व्ही दिला की यंत्र काम करता करता एकेका फायलीचं नाव पडद्यावर बोलून दाखवतं. हा व्ही त्यांनी कधी सोडला नाही. "मुक्यानं काम करणाराचा भरोसा न्हाई, बुवा. बोलत बोलत केलेलं काम खरं." नावं भराभरा वर सरकू लागली की ते हात जोडून बसत. मेहुणी चहा घेऊन यायची, त्यांची समाधी बघायची आणि चहा परत न्यायची.

टारच्या गाठोड्याचा एक स्वभाव आहे. त्यातली एखादी वस्तू हवी असेल तर पहिल्यापासून एकेक ओलांडत जावं लागतं. हा स्वभाव साडूभाऊंच्या अंगात भिनला होता. एकदा आम्ही दोघं एस.टी.नं पाथरीला निघालो. कंडक्टरनं त्यांचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड मागितलं. ते पिशवीत होतं, पण वरून हात घालून काढतील तर साडूभाऊ कसले! त्यांनी पहिल्यापासून पिशवी सोडायला घेतली. टॉवेल निघाला, चिवडा निघाला, चिवड्यातला खोबऱ्याचा तुकडा शेजारच्या म्हातारीला गेला, बनियन निघालं. कार्ड निघालं तोवर मानवत मागं पडलं होतं, आणि कंडक्टर दोन घास चिवडा खाऊन त्यांना "काका" म्हणायला लागला होता.

लोकांचे फोन फोटोंनी भरू लागले तसा पिंगळीत त्यांचा भाव वाढला. ज्याचा फोन भरला तो त्यांच्या दारात. सरपंचाच्या नातवाचं बारसं, हॉटेलवाल्याच्या पोरीचं लग्न, कुणाची मेलेली बैलजोडी, सगळं साडूभाऊंकडं जमा. लोक फोन मोकळा करून घेत आणि निर्धास्त होत. साडूभाऊंनी बांधलंय म्हणजे यमालाही सुटायचं नाही, असा गावाचा विश्वास.

यम मात्र आला. मेहुणी थोड्याच दिवसांच्या आजारात गेली. तिला फोटोचं भारी वावडं. मोबाईल समोर धरला की तोंड फिरवायची. म्हणून साडूभाऊंनी तिचे फोटो चोरून काढले होते: भाजी निवडताना, उन्हात केस वाळवताना, त्यांच्यावरच डाफरताना. हे सगळे कॉम्प्युटरात. छापलेला एकही नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घाईघाईत कुणीतरी आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला आणि हार घालून भिंतीला लावला. साडूभाऊंनी त्याच्याकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ही कोण बाई हाय?"

कॉम्प्युटर तेव्हा म्हातारा झाला होता, दम्याच्या माणसासारखा घरघरायचा. तो बंद पडायच्या आत सगळं हलवावं म्हणून साडूभाऊंनी बाहेरून जोडायची नवी डिस्क आणली आणि अख्ख्या गावाचं एकच गाठोडं बांधायला घेतलं. आधी पाहुण्यांची पंगत, मग घरची, हा त्यांचा रिवाज. आधी सगळ्या गावाचं आणि सगळ्यात शेवटी बायकोचं. पडद्यावर नावं सरकली, तिचीही सरकली. शेवटचं नाव बघून त्यांनी हात जोडले, आणि तेवढ्यात लाईट गेली. आली ती अशा दणक्यानं आली की जुना कॉम्प्युटर जागच्या जागी जळाला. परभणीच्या दुरुस्तीवाल्यानं त्यातून काहीच निघत नाही म्हणून हात वर केले. "निघू दे न निघू दे," साडूभाऊ म्हणाले, "गाठोडं झालं होतं. नावं मी डोळ्यानं बघितलीत."

दुसरा कॉम्प्युटर आणून गाठोडं सोडायचं ठरलं त्या दिवशी त्यांच्या घरात जत्रा भरली. मी आणि बायको परभणीहून गेलो होतो. साडूभाऊंनी हुकूम दिला आणि नावं सरकू लागली. "आलं, आमचं बारसं आलं!" सरपंचीणबाई ओरडल्या. "अन् माझी बैलं?" "थांब की, बैलं हायेत, उडतं इमान न्हाई!" गाव हसत होतं. लग्नं आली, बैलं आली, आणि मग मेहुणीचं नाव यायच्या जरासं आधी यंत्र थांबलं आणि इंग्रजीत एक ओळ लिहून मोकळं झालं. गाठोडं मधेच संपलं होतं. बांधताना यंत्रानं नाव घेतलं होतं खरं, पण शेवटचं सामान डिस्कवर उतरायच्या आत लाईट गेली होती.

"काय म्हणायलाय ते?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"संपलं म्हणायलाय," साडूभाऊ म्हणाले. "सगळ्यांचं आलं. चहा घ्या." आणि उठून त्यांनी स्वतः चहा टाकला. कधी टाकलेला नव्हता. साखर दुप्पट पडली. गाव तो पाक गोड मानून प्यालं आणि आपापले फोटो घेऊन गेलं.

त्यानंतर साडूभाऊ लोकांच्या फोटोंत शिरले. पुन्हा पहिल्यापासून, एकेक ओलांडत. गावातल्या प्रत्येक कार्यात मेहुणी राबलेली, तेव्हा कुठंतरी सापडणारच. बारशात पाळण्यामागं एक कोपर सापडलं. एका पंगतीत वरणाचा डाव धरलेला हात सापडला, हिरव्या बांगड्यांचा. अर्धा कान सापडला. तोंड कुठंच नाही. शहाणीनं दरवेळी फिरवलेलं. आम्ही पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला कॉम्प्युटरपुढं बसवलं. पडद्यावर पालमच्या एका लग्नातला मांडव होता, आणि कडेला मोरपंखी लुगड्यातली एक पाठमोरी बाई.

"ही बघ. सगळी सापडली. आखीची आखी." "आता हाक मारली तर वळंल, न्हाई?"

मोरपंखी लुगडी त्या लग्नात दोघी बहिणींना आहेरात एकसारखी आली होती. बायकोनं पडद्याकडं बघितलं.

"व्हय दाजी," ती म्हणाली. "ताईच हाय."

पिंगळीच्या स्टेशनात पॅसेंजरची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. मी, जन्माचा बोलका, शेवटी न राहवून म्हणालो, "अगं, ती तर तू हायेस. वेणी तुझी हाय. तुझी वेणी मला कळत न्हाई व्हय?"

"गप बसा तुमी," ती म्हणाली. "माझी नुसती पाठ तर गेली. ऱ्हाऊ द्या त्यांच्यापाशी."

मग ती उठली आणि गाडी येते का ते बघायला फलाटाच्या कडेपर्यंत गेली. गाडीचा पत्ता नव्हता. ती तिथंच उभी राहिली, आणि मला तिला हाक मारायचा धीर झाला नाही.