राधानगरीच्या नमुन्यातली वाळू

वीस वर्षांपूर्वीचा, जूनमधला एक शनिवार. हजर तिघं: आमचे विभागप्रमुख सर, शिपाई दत्तूमामा आणि कपाटातल्या नमुन्यांची यादी करणारी मी. आज स्वेटरांत डांबरगोळ्या ठेवताना त्या वासानं कॉलेजमधलं वाळवलेल्या वनस्पतींचं कपाट आठवलं.

माझ्या हातात एका वाळवंटी रोपाचा नमुना होता. चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात ठिकाण होतं, राधानगरी. कागद तिरका केला तर मुळांतून पिवळी वाळू टेबलावर सांडली.

"राधानगरीत नुसता चिखल हाय की, मॅडम," मामा म्हणाले. "ही वाळू काय पावण्यांनी आणली?"

"मी स्वतः उपटलंय ते," सर तडकले. हा नमुना आणला त्याच वर्षी ते राजस्थानलाही जाऊन आले होते, आणि वाळवंटी रोप राधानगरीत सापडल्याच्या या एका नोंदीवर त्यांचा शोधनिबंध उभा होता. मी नोंदीपुढे 'संशयास्पद' असा शेरा मारला. सरांनी निबंध मागे घेतला आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

आता वाटतं, दोन्ही सहलींचे नमुने एकत्र वाळवताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, सर खोटं बोलले नसतील. तसं असेल, तर राधानगरीचं एखादं रोप राजस्थानच्या चिठ्ठीखाली त्याच कपाटात पडून असणार. ते मी अजून शोधलेलं नाही.