पांढऱ्या फितींचं कपाट

शनिवार, ६ नोव्हेंबर १९९३. वारा उत्तरेकडून. दूधवाला आला नाही. अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. चष्म्याचा नंबर तोच. येताना झिनहुमच्या गाडीवरून भाजलेल्या बिया घेतल्या. पुडा भूगोलाच्या जुन्या उत्तरपत्रिकेचा होता. कुणा मुलीने नाईल दक्षिणेकडे वाहते असं लिहिलं होतं आणि तपासणाऱ्याने तिला पूर्ण गुण दिले होते. रस्त्यातच उभी राहून शेवटपर्यंत वाचला. इन्साफने शाळेच्या फाटकातून पाहिलं. संध्याकाळी ती वर आली. चहा, दोन कप.

त्या दिवसाची माझ्या रोजनिशीतली नोंद एवढीच आहे. त्या चहावर काय ठरलं ते तेव्हा लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते.

इन्साफ माझ्या खालच्या मजल्यावर एकटी राहायची. तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. तिचे वडील आमच्या रशीद गावाच्या धक्क्यावर बसून जाळी विणायचे. तिला शिक्षिका व्हायचं होतं, पण आवाज इतका बारीक की मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. म्हणून समोरच्या मुलींच्या शाळेत तिला वाचनालयाच्या किल्ल्या दिल्या. मुली तिला अब्ला, म्हणजे ताई, अब्ला इन्साफ म्हणत, आणि बहुतेकींना ती दिवसभर काय करते ते ठाऊक नव्हतं.

ती पुस्तकं सांभाळायची. सहाशे त्रेचाळीस पुस्तकं, चार कपाटं, चार कुलपं. सरकारी नोकरीत ज्या वस्तूंसाठी आपण सही करतो त्या आपल्या ताब्यात येतात, आणि ताब्यातली वस्तू हरवली की पगारातून कापतात, वर शेरा मारतात तो वेगळाच. माझे यजमान कस्टममध्ये होते. त्यांच्या ताब्यातला स्टेपलर कायम कुलपात असायचा आणि ते शेजारच्या टेबलावरचा वापरायचे. इन्साफच्या आधीच्या बाईंनी किल्ल्या देताना सांगितलं होतं, "पोरी, हे लग्नातलं काचेचं कपाट समज. त्यातल्या कपांतून कुणी चहा पितं का?" अकरा वर्षं इन्साफने ते पाळलं. मात्र कपाटातली सगळी पुस्तकं तिने स्वतः क्रमांकाने वाचली होती, एक ते सहाशे त्रेचाळीस.

त्या संध्याकाळी ती टेबलापाशी बसली आणि साखर घालायचं विसरून चहा ढवळत राहिली.

"तांत ओदेत, मादाम विग्दाननी मला बोलावलं होतं." मी तिची तांत, म्हणजे मावशी; मादाम विग्दान म्हणजे मुख्याध्यापिका. "एकेका वर्गात बावन्न मुली झाल्यात, त्यांना खोली हवी आहे. डिसेंबरात तपासनीस येतील. देवघेवीची वही कोरी दिसली की कपाटं तळघरात आणि मी शिक्षण कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर."

"आणि वही?"

"कोरीच आहे." तिने मान खाली घातली. मग एकदम म्हणाली, "तुम्ही आज रस्त्यात पुडा वाचत होतात. माझ्या खोलीत अकरा वर्षांत कुणी इतका वेळ उभं राहिलेलं नाही."

असं ते सुरू झालं. शाळेचं छपाईयंत्र परीक्षेसाठी राखीव, म्हणजे तेही कुलपात. माझं अक्षर नन्सनी पट्टी मारून वळवलेलं आहे. मी कार्बन घालून एका वेळी चार प्रती काढू लागले. कुठे थांबायचं ते इन्साफ सांगायची. पहिली गोष्ट नावाड्याच्या मुलीची: तिच्या जाळ्यात पेटी येते आणि तिसऱ्या दिवशी पेटीतून टकटक ऐकू येते. पान संपायचं ते, 'तिने कडी काढली आणि' इथे. खाली लिहायचं: पुढचं वाचनालयात, कपाट दोन.

गठ्ठा घेऊन मी झिनहुमकडे गेले. शाळेच्या फाटकाजवळ त्याची गाडी असते, आणि सगळे त्याला अम्म, म्हणजे काका म्हणतात. त्याला वाचता येत नाही. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"सित, यात राजकारण नाही ना? मला म्हातारपणी पोलीस नकोत."

"गोष्ट आहे, अम्म झिनहुम. तुम्ही फक्त पुडे याचे करा."

"कसली गोष्ट?"

मी वाचून दाखवली. दोन मुली बियांसाठी ताटकळत होत्या, त्याही ऐकत होत्या.

"मग? काय होतं आत?"

"वाचनालयात जा."

"मला कोण आत सोडणार! माझ्याच गाडीवर मलाच उपाशी ठेवता?" पण गठ्ठा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक पुड्याबरोबर ओरडायचा, "वाचा ग, वाचा! पेटीत भूत आहे!" भूत नव्हतं, पण मी त्याला अडवलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत तीस मुली वाचनालयाच्या दारात उभ्या होत्या. इन्साफने कपाट दोन उघडलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. मुलींनी एकमेकींच्या खांद्यांवरून शेवटचं पान वाचलं आणि निघून गेल्या. मंगळवारी सहा आल्या. बुधवारी एकही नाही. पेटीत नावाड्याचा हरवलेला भाऊ निघतो ही बातमी तोवर पटांगणभर झाली होती, पाण्याच्या नळापर्यंत.

संध्याकाळी इन्साफ जिन्यातच बसली होती.

"बी खाल्ली, साल टाकली," ती म्हणाली. "वहीत काय लिहू? तीस जणींनी एक पान वाचलं?"

"पुस्तक घरी नेऊ दे त्यांना. घरी नेलं की कुणी शेवटापासून सुरू करत नाही. जेवणानंतर वेळच वेळ असतो."

"आणि परत आलं नाही तर? माझ्या ताब्यात आहेत, तांत. एखाद्या घरी धाकटा भाऊ पान फाडेल, आई त्यावर भांडं ठेवील."

"मग तळघरात घुशी वाचतील."

ती उठून खाली गेली. मला वाटलं रागावली. पण दोन दिवसांनी तिने स्वतःच एक उपाय काढला. या शाळेत मुलींना दोन वेण्यांना दोन पांढऱ्या फिती बांधाव्याच लागतात. पुस्तक हवं असेल तर एक फीत सोडून द्यायची. पुस्तक निघालं की त्या जागी कपाटाच्या गजाला ती फीत बांधायची, तिला मुलीच्या नावाची चिठ्ठी. पुस्तक आणा, फीत घ्या. फितीवाचून सकाळच्या रांगेत ओरडा बसतो, म्हणून पुस्तक परत येणार, असा तिचा हिशोब.

तो साफ चुकला. पुड्यांमधून आम्ही नव्या गोष्टी सोडत होतोच. गाढवाला साक्षीला बोलावणाऱ्या काझीच्या गोष्टीवर तर मुली भांडल्या. पंधरा दिवसांत एक वेणी मोकळी असणं हीच ऐट झाली. दोन्ही फिती असलेल्या मुलीला बाकीच्या विचारायच्या, "काय ग, तुला अजून अक्षरं लागत नाहीत का?" चौथीतल्या एकीने तर पुस्तक नसताना घरीच एक फीत काढून ठेवली. ती पकडली गेली आणि तिला खरंच एक पुस्तक न्यावं लागलं.

मादाम विग्दान रांगेपुढे उभ्या राहून ओरडल्याचं मी माझ्या बाल्कनीतून ऐकलं. "ही शाळा आहे की बाजार? अर्धी शाळा विस्कटलेली! अब्ला इन्साफ, मुलींना रोज असंच पाठवणार आहात का तुम्ही?" इन्साफ काहीतरी म्हणाली. ते मला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

९ डिसेंबर, गुरुवारी तपासनीस आले. उस्ताझ फर्गली, चौकोनी बांध्याचे, बगलेत जाडजूड यादी. त्यांनी वही मागितलीच नाही. सरळ कपाटं उघडायला लावली आणि मोजायला बसले. नंतर इन्साफने सांगितलं, कपाट दोनमध्ये पुस्तकांपेक्षा फितीच जास्त होत्या.

"एकशे सत्त्याऐंशी नाहीत," ते म्हणाले.

"मुलींकडे आहेत, साहेब. वहीत आहे. ही प्रत्येकीची फीत."

"फीत पुरावा नाही. ताब्यातलं पुस्तक एक तर डोळ्यांसमोर असतं, नाही तर हरवलेलं असतं. शाळा सुटेपर्यंत समोर आणा."

एव्हाना साडेदहा झाले होते. काही क्षणांतच फाटक उघडलं आणि मुली गल्लीत सुटल्या, एकेका वेणीच्या. कुणी कोळीवाड्याकडे, कुणी खजुराच्या बागांकडे. झिनहुमने गाडी भिंतीला लावून वाट करून दिली.

माझ्या इमारतीत तळमजल्यावर हाज्जा नफूसा राहायची. तिची नात सबरीन धापा टाकत आली, आणि खाली आवाज चढले. मी जिना उतरले. हाज्जाने पुस्तक काळ्या ओढणीखाली धरलं होतं.

"देणार नाही! तीन प्रकरणं राहिलीत. ही रोज रात्री एक वाचते, वाचता वाचता झोपते, मी जागी राहते!"

"आजी, अब्लाची नोकरी जाईल!" सबरीन रडायला आली होती.

"नोकरी कशी जाते बघते. सित ओदेत, माझा गुडघा धरलाय, हात दे. मी स्वतः येते."

आम्ही रस्ता ओलांडला तेव्हा दीड वाजला होता. वाचनालयात इन्साफ भिंतीला टेकून उभी होती, चेहरा चुन्यासारखा पांढरा. मादाम विग्दान खिडकीपाशी होत्या. टेबलावर पुस्तकांचे ढीग. काहींना मासळीचा वास, एकाच्या पुठ्ठ्यावर भांड्याचा गोल डाग. एकशे शहाऐंशी आली होती.

"तो मोजणारा कोण आहे?" हाज्जाने दारातूनच विचारलं.

फर्गली उठले. "मी, हाज्जा. पुस्तक द्या."

"दाखवते. देत नाही."

"सरकारी आहे ते."

"मी कुठे म्हटलं माझ्या बापाचं आहे? या मुलीने माझ्या नातीवर विश्वास ठेवला, फीत घेऊन. तुम्ही आम्हाला चोर समजून अख्ख्या गावातून पळवलंत. पोरी उन्हातून धावल्या, एकीने तरी चुकवलं का? मोजा! आणि या गोष्टीतल्या बाईचा नवरा परत येतो की नाही ते मला कळेपर्यंत हे माझ्याकडे राहील."

मग फर्गलींनी यादी पुढे ओढली. "पहिल्या पानावरचा क्रमांक तेवढा दाखवा."

तिने ओढणीतून पुस्तक अर्धंच बाहेर काढलं. त्यांनी वाकून क्रमांक वाचला आणि यादीवर खूण केली. शेवटची ती.

त्यांनी अहवाल तिथेच लिहिला. ताबा पूर्ण. वाचनालय वापरात, सबब खोली अन्य कामास देऊ नये. त्याखाली: कपाटं उघडी ठेवणं नियमाला धरून नाही, संबंधितांस लेखी समज द्यावी. मादाम विग्दाननी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मग बावन्न मुली मी कुठे बसवू?" शेवटी पाचवीचा वर्ग वर्षभर प्रार्थनेच्या मंडपात भरला आणि हिवाळ्यात मुली गारठल्या. त्याचं वाईट इन्साफला आजही वाटतं. त्या वर्गाला ती पुस्तकं दोन दोन द्यायची.

समजपत्रावर तिने सही केली. शाळा सुटल्यावर मुली घरी न जाता दाराशी थांबल्या होत्या; त्यांच्या फिती अजून गजांना बांधलेल्याच होत्या. इन्साफ एकेकीचं नाव वाचून पुस्तक परत देत गेली. तिचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू जात होता, कारण कुणी बोलतच नव्हतं. एकदोघींना वाटपाच्या घाईत भलतंच पुस्तक गेलं, तेही त्यांनी नेलं.

त्या संध्याकाळी मी रोजनिशीत तारीख घातली आणि एवढंच लिहिलं: गॅसचं सिलिंडर संपलं, नवं लावून घेतलं. आधीचं एकोणचाळीस दिवस पुरलं.